राजाची ओळख

१

दीनानाथ पानसे यांच्या घरात रोज सकाळी सात दहाला एका जिवाशी प्रेमाने बोललं जायचं, आणि तो जीव मासा होता.

गुरुग्राममधल्या एका उंच सोसायटीत, सतराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये सोफ्यासमोर, जिथे इतरांच्या घरी टीव्ही असतो, तिथे चार फुटी काचेची टाकी. टाकीत एकटाच फ्लॉवरहॉर्न. वीतभर लांब, लालभडक, कपाळावर कुणीतरी दांडका हाणल्यासारखं टेंगूळ. त्याचं नाव राजा. दीनानाथ अंघोळ उरकून, निळ्या चौकडीचा शर्ट चढवून, जाड भिंगांचा चष्मा लावून टाकीपुढे येत. खिशातलं स्टीलचं पेन काढून काचेवर वाजवत. टक् टक्. मग जरा थांबून, टक्. राजा कुठेही असो, सुळकन येऊन काचेला तोंड लावायचा.

"काय राजे, झोप झाली का? या, बाबांकडे या."

आतल्या खोलीत पांघरुणाखाली निहार हे ऐकत पडलेला असायचा आणि त्याच्या डोक्यात तिडीक जायची. एके काळी राजा हे त्याचं लाडाचं नाव होतं.

चौदा महिन्यांपूर्वी त्याने इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट सोडलं. बापाने भरलेला फॉर्म, बापाने निवडलेली शाखा, बापाच्या ऑफिसात सांगायला सोयीची. सोडलं त्या दिवशी दीनानाथ ओरडले नाहीत की त्यांनी हात उगारला नाही. त्यांनी त्याच्याकडे बघणंच बंद केलं. "लतिका, त्याला सांग, गिझर बंद करायला." निहार टेबलापलीकडे, हाताच्या अंतरावर. मग आई मान वळवून, आवाज मऊ करून म्हणणार, "निहार, बाबा म्हणतायत, गिझर बंद कर." त्याला सांग, दिवा चालू राहिलाय. त्याला सांग, पाहुणे येतील तेव्हा खोलीत बस. चौदा महिन्यांत ना नाव, ना नजर. आणि हेच गृहस्थ मराठी मंडळात 'तरुणांशी संवाद' या विषयावर दहा मिनिटं बोलून टाळ्या घेऊन आले होते.

२

नोव्हेंबरात दीनानाथ ऑफिसच्या कामासाठी बारा दिवस चाकणला निघाले. तीनच दिवसांपूर्वी लतिकाच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, उजव्याचा पुढच्या महिन्यात काढायचा होता. काळा गॉगल लावून ती भिंती चाचपत फिरत होती. तशातही तिने नवऱ्याच्या निळ्या बॅगेच्या मुठीला लाल रिबीन बांधली. विमानतळावरच्या पट्ट्यावर आपली बॅग ओळखू यावी म्हणून ती दर वेळी बांधायची.

फ्रिजवर चिठ्ठी होती. राजा: सकाळी बारा दाणे, संध्याकाळी बारा. पाणी अठ्ठावीस अंश. संपली चिठ्ठी.

"आणि तुझे डोळ्यांचे थेंब?" निहारने आईला विचारलं.

"ते काय, मी घालीन."

"दिसत नाही तुला धड."

"त्यांच्या डोक्यात कामाचं असतं रे. प्रत्येक गोष्ट लिहून थोडीच ठेवतात."

"माशाची ठेवली की."

या घरात आई बोलायची ते दुसऱ्यांचं.

निहारला मात्र या वेळी बापाची वाट बघायची होती. नोएडातल्या एका न्यूज चॅनेलमध्ये त्याला व्हिडिओ एडिटिंगचं काम मिळालं होतं. सोमवारी रुजू व्हायचं. लातूरचा प्रतीक, दोनदा यूपीएससी देऊन तिसऱ्यांदा हात जोडलेला, तिथेच काम करत होता. सेक्टर बासष्टमधल्या त्याच्या खोलीत अर्धी जागा ठरली होती. बाप परतणार आदल्या दिवशी, रविवारी दुपारी. निहार आधीही जाऊ शकला असता, कुणी अडवलं नसतं. पण त्याला ते तोंडावर सांगायचं होतं. मी जातोय. माझ्याकडे बघून हो म्हणा. एवढी दोन वाक्यं. ती त्याने इतक्या वेळा घोळवली होती की झोपेतही बोलला असता.

३

राजाने अन्न सोडलं.

निहार काळा टी-शर्ट घालून टाकीपुढे गेला की मासा मागच्या लाकडाच्या ओंडक्याआड जाऊन बसायचा. हा टी-शर्ट निहारचा लाडका, खांद्यावर ब्लीचचा पांढरा डाग पडलेला. दीनानाथ त्याला पोतेरं म्हणत. तेही लतिकाला. दाणे पाण्यावर तरंगायचे, फुगायचे, खाली बसायचे. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. माशाचा लाल रंग विटकरी झाला.

"त्याला काही झालं तर ते..." आई म्हणाली, आणि वाक्य तिथेच ठेवलं. या घरातली बरीच वाक्यं 'ते'पाशी येऊन थांबायची.

चौथ्या दिवशी सकाळी तिनेच उपाय काढला. "असं कर ना, त्यांचा शर्ट घाल. तो निळा. जुना चष्मा ड्रॉवरमध्ये आहे, तो लाव. पेन खिशातच असेल. त्याला वाटेल तेच आलेत."

"मासा आहे तो, आई."

"मासाच आहे म्हणून तर म्हणते. फसेल."

निहारने शर्ट घातला. कॉलरला बापाच्या तेलाचा वास. चष्मा लावला तसा हॉल वाकडातिकडा झाला, डोकं गरगरलं. त्याने पेन काचेवर वाजवलं. टक् टक्. टक्.

ओंडक्याआडून राजा निघाला तो थेट काचेवर. तोंड उघडं, शेपूट हलतंय. डोळे बाजूंना असतात माशाचे, तरी तो एका डोळ्याने, मग दुसऱ्याने, असा आलटूनपालटून निहारचा चेहरा बघत राहिला. बारा दाणे फस्त.

"बघ," आई हसली. "हुबेहूब."

निहारने शर्ट ओरबाडून काढला आणि सोफ्यावर भिरकावला. चीड आली होती त्याला, आणि तिच्याखाली आणखी काहीतरी होतं ज्याची त्याला लाज वाटली. या घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्याच्याकडे नीट बघितलं होतं.

४

पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच सोंग. सातव्या दिवशी दुपारी तो आपल्याच काळ्या टी-शर्टात, चष्मा न लावता, चहाचा कप घेऊन हॉलमधून चालला होता. राजा काचेशी आला.

निहार थांबला. मासाही थांबला. तो खिडकीकडे गेला, मासा त्या टोकाला. तो दाराकडे, मासा दाराकडच्या टोकाला.

त्यात काय, त्याने स्वतःला समजावलं. सवय झाली त्याला. त्याने मोबाइलवर शोधलंही होतं. काही मासे माणसांचे चेहरे वेगवेगळे ओळखतात, खायला घालणाऱ्याला तर नक्कीच. म्हणजे आता तो मला ओळखतो. मला, निहारला. त्याला बरं वाटायला हवं होतं.

तो खोलीत जाऊन पडला. बाहेर धुरकट हवेने समोरचा टॉवर पुसून टाकला होता. हवा शुद्ध करायचं यंत्र घरघरत होतं. आणि त्या घरघरीतून आवाज आला.

टक् टक्. थांबून, टक्.

आई झोपली होती. तो अनवाणी हॉलमध्ये आला. पेन शर्टाच्या खिशात, शर्ट खुर्चीवर. टाकीत राजाच्या तोंडात तळाचा एक गोल खडा होता. तो त्याने काचेवर आपटला. दोनदा. मग जरा थांबून, एकदा. हे मासे खडे इकडचे तिकडे करतात, त्यात नवल नाही. मधला थांबा मात्र बापाचाच होता, तेवढाच लांब.

५

नवव्या दिवशी स्वयंपाकघरातून आईची हाक आली. "अहो, चहा ठेवलाय."

निहार टाकीपुढे उभा होता, शर्ट अंगात, दाणे मोजत. काही क्षण त्याला वाटलं बाबा आलेत, आणि त्याने मागे वळून दार पाहिलं.

"कोणाला अहो म्हणतेस?"

आई दारात आली, गॉगल कपाळावर. डोळे बारीक करून तिने त्याच्याकडे पाहिलं. "अगंबाई. मेला तो शर्ट. मला लांबून फक्त चौकड्या दिसतात रे."

कारण पटण्यासारखं होतं. रात्रीच्या जेवणाला तिने ताट मांडलं ते दीनानाथांच्या जागेवर, खिडकीकडे पाठ करून. तेव्हा तो काळ्या टी-शर्टात होता.

"ही माझी जागा नाही."

"अच्छा? मग बस ना कुठेही," ती म्हणाली आणि ताट मात्र उचललं नाही. निहार तिथेच बसून जेवला. भांडायचं कोणाशी? चौदा महिने तीच तर मध्ये उभी होती; बापाचं म्हणणं ऐकवायची, मुलाचं तिकडे कधीच पोचवायची नाही. तिचाही राग होता त्याला. त्या रागाला मोतीबिंदूचं कारण चालत नव्हतं.

सकाळी लिफ्टमध्ये सोसायटीचा सफाईवाला बाजूला सरकला. "नमस्ते, पानसे साहब." निहारने मान हलवली. बिल्डिंगच्या तळाशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की साहेब म्हटल्याचं आपल्याला खटकलं नाही.

६

दहाव्या दिवशी संध्याकाळी दीनानाथांनी व्हिडिओ कॉल केला, अर्थातच आईला.

"राजाला दाखव," हे त्यांचं पहिलं वाक्य.

आईने मोबाइल टाकीसमोर धरला. पडद्यावर दीनानाथांचा चेहरा, मागे गेस्ट हाउसची पांढरी भिंत. नेटवर्क अडखळत होतं, चेहरा फुटत होता. त्यांनी चष्मा लावलेला नव्हता.

"काय राजे," ते म्हणाले.

राजाने त्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. कल्ले फुगवले, पंख ताठ केले, आणि काचेवर अशी धडक मारली की आईच्या हातून मोबाइल पडता पडता वाचला. मग तो ओंडक्याआड गेला. अगदी मागे, कोपऱ्यात. आईने मोबाइल स्वतःकडे वळवला.

"काय झालं त्याला? काय खायला घालताय?" दीनानाथांचा आवाज चढला. आणि मग एकदम खाली आला. "लतिका. तुझ्या मागे कोण उभं आहे?"

आई वळली. मागे निहार होता.

"कोण म्हणजे?" ती म्हणाली.

"घरात कोण आहे ते विचारतोय मी. तो माणूस कोण आहे?"

निहार मोठ्याने हसला. हे नवीन होतं. बघणं बंद केलं, बोलणं बंद केलं, आता ओळखही नाही. त्याने आईच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला आणि चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला. "मी आहे. नीट बघा. मी."

पडद्यावरचा चेहरा मागे सरकला. निहारने आपल्या बापाला चिडलेलं, थकलेलं, दुसऱ्यांपुढे लाचार झालेलं पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. चष्म्याविना तो चेहरा किती कोवळा दिसत होता.

कॉल तुटला.

७

शनिवारी सकाळी पेपर वाचता वाचता निहारच्या लक्षात आलं की आपण चष्मा लावलेला आहे. आणि अक्षरं सरळ आहेत. काही गरगरत नाही. त्याने चष्मा काढला. पेपरचा राखाडी चिखल झाला.

नंबर लागला असेल, तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. रात्रंदिवस स्क्रीन बघतो आपण.

त्याने प्रतीकला फोन लावला.

"हॅलो, काका," प्रतीक म्हणाला.

"अबे काका काय? निहार बोलतोय."

प्रतीक फार अदबीने म्हणाला, "काका, निहारला द्या ना फोन. सोमवारचं विचारायचं होतं. तुम्ही रागवू नका त्याला, चांगलं काम आहे. बिल्कुल सेफ जागा आहे."

"प्रतीक, मस्करी बस झाली."

"मस्करी नाही हो काका. सॉरी." आणि फोन ठेवला.

निहारने बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरसा समोर होता. त्याने मान वर केली नाही. सर्दी झालीय, घसा बसलाय, प्रतीक येडा आहे. एकेक कारण तो विटेसारखं रचत गेला, आणि भिंत उभी राहिली की पलीकडून टक् टक् ऐकू यायचं.

त्याच वेळी निघायला हवं होतं. मेट्रो होती, कॅब होती. बॅग पलंगावर अर्धी भरलेली होती. शर्ट काढून टाकून, चष्मा फेकून तो दोन तासांत नोएडाला पोचला असता. हे त्याला त्या क्षणी लख्ख कळत होतं. पण मग त्या माणसाला समोर बसवून विचारायचं राहिलं असतं. 'तो माणूस कोण आहे?' म्हणाला तो. मुलाला म्हणाला. नाही, तोंडावर झालं पाहिजे. एकच दिवस.

बाथरूमच्या दारामागे त्याचा काळा टी-शर्ट लटकत होता. तो घालू म्हणून त्याने हात लांब केला, तर खुंटीवर काही नव्हतं.

८

रविवारी दुपारी बारा वाजले तरी उजेड पडल्यासारखा वाटत नव्हता. बाल्कनीबाहेर पिवळट धूर. निहार हॉलमध्ये, खिडकीकडे पाठ करून बसला होता. निळा शर्ट अंगात होता. सकाळी सात दहाला घातला, काढायचा राहून गेला. राजा काचेशी, त्याच्याकडे तोंड करून, पाण्यात टांगल्यासारखा स्थिर.

इंटरकॉम वाजला. गेटवरचा गार्ड होता.

"साहब, एक लड़का आया है। बोलता है घर इसी का है। बैग भी है। ऐप पे फोटो डाली है, देख लीजिए।"

निहारने मोबाइल उघडला. सोसायटीच्या अ‍ॅपवर धुरकट फोटो. गेटचा खांब, निळी बॅग, मुठीला लाल रिबीन. बॅग धरून उभा असलेला सडपातळ मुलगा. काळा टी-शर्ट. निहारने फोटो बोटांनी मोठा केला. खांद्यावर पांढरा डाग.

चेहरा त्याने शेवटी पाहिला. बापाच्या चष्म्यातून तो अगदी स्वच्छ दिसला. बावीस वर्षं आरशात पाहिलेला चेहरा, पण घाबरलेला. दोन दिवसांपूर्वी कॉलवर पाहिला होता, तेवढाच घाबरलेला.

रिसीव्हरमधून झटापट ऐकू आली. गार्ड म्हणाला, "अरे, हाथ मत लगा." आणि मग तिसरा आवाज, अगदी जवळून.

"निहार. निहार, मी आहे. ऐकतोयस ना? मला वर येऊ दे, बाळा. निहार."

चौदा महिन्यांनी बापाने त्याचं नाव घेतलं होतं. आवाज निहारचाच होता. शब्दांमधला थांबा बापाचा.

गार्डला 'भेज दो' म्हणायचं होतं, बस. वर येऊ द्यायचं, समोर बसवायचं, ती दोन वाक्यं बोलायची. माझ्याकडे बघून हो म्हणा. आता तर त्या माणसाला दुसरीकडे बघायची सोयच उरली नव्हती. निहारने तोंड उघडलं. पण पोटातून जे वर आलं ते वेगळंच होतं. टेबलापलीकडून, हाताच्या अंतरावरून ऐकलेले सगळे त्याला सांग, त्याला सांग, त्याला सांग. मासा राजा, आणि मी नुसता 'त्याला'.

"अहो, कोण आहे?" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

निहारने रिसीव्हर तिच्याकडे धरला. वळून पाहिलं नाही.

"लतिका, त्याला सांग," तो म्हणाला, "नोएडात त्याची जागा ठरलेली आहे. सेक्टर बासष्ट. उद्यापासून कामावर जायचंय. इथे यायची गरज नाही."

तिने रिसीव्हर घेतला, मान वळवली आणि आवाज मऊ केला.

"हे बघ बाळा," ती म्हणाली, "बाबा म्हणतायत..."

निहारला तिचा हात धरायचा होता. रिसीव्हर ओढून घ्यायचा होता. सेक्टर बासष्ट माझं आहे, हे कुणाला तरी सांगायचं होतं. त्याने चष्मा उतरवला. हॉल विरघळला, आई विरघळली, आतल्या खोलीचं दार आणि त्यातून दिसणारी पलंगावरची बॅग विरघळली. काचेपाशी एक लाल ठिपका तेवढा उरला, त्याच्याकडे बघणारा.

टक् टक्, टाकीतून आवाज आला. आणि थांबला.

वाट बघत होता तो. निहारने चाचपून चष्मा पुन्हा लावला आणि खिशातलं पेन काढलं.

टक्.